मिश्रीचं बोट

१

वाशिमची पहिली एसटी कनेरगाव नाक्यावर येऊन थांबायची त्या वेळेला द्वारकाबाई मागच्या दाराच्या पायरीवर बसून मिश्री लावत असायची. गेली पस्तीस वर्षं. तव्यावर काळीकुट्ट भाजून भुगा केलेली तंबाखू, ती ठेवायची पत्र्याची डबी आणि उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट. त्या बोटाला घरात नावच पडलं होतं, मिश्रीचं बोट. कधीकाळी सोयाबीन कापताना विळा लागून त्याचं नख मधोमध फाटलं, ते पुढे दोन फाळ्यांतच वाढत राहिलं. त्या दोन फाळ्यांमधली रेघ साबणाने कितीही घासली तरी काळी ती काळीच. हे बोट एकदा हिरडीवर फिरायला लागलं की अर्धा तास द्वारकाबाईशी कुणी बोलायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तर त्या हिरड्यांनीच आता दगा दिला. खालचे पुढचे चार दात हलायला लागले, भाकरीचा तुकडा मोडला की रक्त. एवढ्यावरून ती दवाखान्याची पायरी चढली नसती, पण मध्ये नातू आला. लेक प्रतिक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आयुष झाला, बघता बघता पाच महिन्यांचा झाला आणि प्रतिक्षाची रजा संपत आली. ती पुण्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, नवराही तिकडेच, घरात तिसरं माणूस नाही. म्हणजे निदान सहा महिने बाळ कुणाकडे तरी ठेवणं भाग होतं. इथे आजीकडे, नाहीतर वाशिमला सासूकडे.

"तुह्याकडंच ठेवते, माय," प्रतिक्षा म्हणाली होती. "पण मिश्री बंद म्हंजे बंद. हिरड्याचं ऑपरेशन करून घे. आन् एक दिवस जरी मला मिश्री दिसली ना, मी त्याला वाशिमला नेऊन ठेवीन. मंग रुसायचं न्हाई."

द्वारकाबाईने डबी शेजारच्या नर्मदाबाईला देऊन टाकली. उकिरड्यावर फेकणं जिवावर आलं, पण घराबाहेर गेली हे खरं. नातवासाठी तिने तंबाखूच काय, मीठही सोडलं असतं.

सोमवारी हिंगोलीला ऑपरेशन झालं. डॉक्टर देवश्री म्हणून बाई होत्या, वयाने प्रतिक्षाएवढ्याच. त्यांनी इंजेक्शन दिलं, हिरडी कापून बाजूला सारली, दातांची मुळं खरवडली, हिरडी परत शिवली आणि टाक्यांवर गुलाबी लगद्याचा एक पट्टा थापला. तो घटकाभरात कडक झाला. मग सूचना सुरू झाल्या.

"मावशी, आज गरम काही नाही, चहासुद्धा नाही. उद्यापर्यंत थुंकायचं नाही. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी तोंडात धरायचं आणि नुसतं सोडून द्यायचं, खळखळ करायची नाही. मऊ भात, दही, खिचडी. सूज दोन-तीन दिवस वाढेल, लाळेत थोडं रक्त दिसेल, घाबरायचं नाही. आणि तिथे जीभ लावायची नाही. बोट तर अजिबात नाही. पुढच्या सोमवारी टाके काढू."

"आन् व्हट?" द्वारकाबाईने वाकड्या तोंडाने विचारलं. ओठ लाकडाचा झाला होता.

"दोन-तीन तासांत येईल परत."

ओठ आला. चार वाजता घरी ओट्यावर बसल्या बसल्या त्यात मुंग्या आल्या आणि तो तिचा तिला परत मिळाला. तिने सवयीने पदर तोंडाला लावला, तेव्हा ध्यानात आलं की पदराचा काठ चार बोटांना लागतोय. पाचव्याला लागतच नाही. मिश्रीचं बोट बधिर झालं होतं.

२

"इंजेक्शन जबड्यात दिलं, बोट कसं बधिर होईल?" विश्वंभर, तिचा नवरा, पंचा झटकत म्हणाला. "हातावर झोपली असशील."

"दवाखान्यात कोणी हातावर झोपते का?"

"मंग मला काय इचारून राहिली? डॉक्टरला इचार."

डॉक्टरला फोन लावला. त्या हसल्या. मावशी, भीतीने होतं असं कधी कधी, गोळ्या वेळेवर घ्या आणि आराम करा, म्हणाल्या. सगळ्यांचं सगळ्या गोष्टींना हेच उत्तर होतं. मंगळवारी गाल सुजून पपईसारखा झाला, तर होतंच असं. बुधवारी उशीवर गुलाबी लाळेचा डाग पडला, तर होतंच असं. विश्वंभर समोर बसून भाकरी आणि ठेचा खायचा, घाम पुसायचा आणि वर विचारायचा, दुखून राहिलं का गं. तिच्या ताटात पांढरा भात आणि पांढरं दही. थुंकायची बंदी नुसती एका दिवसाची होती, पण पस्तीस वर्षं रोज सकाळी उकिरड्यापर्यंत पिंक टाकणाऱ्या बाईला मिठाचं पाणी तोंडातून गपगुमान सोडून द्यायला लावणं म्हणजे अपमानच. ती चिडचिड करायला लागली की प्रतिक्षा म्हणायची, जास्त बोलू नको, टाके उसवतील.

बोटाची चिडचिड तर कुणाला सांगायची सोयच नव्हती. लसूण सोलायला घेतली की चार बोटं वाकायची आणि ते सरळ उभं राहायचं. सुई टोचून पाहिली. काही नाही. चुलीतल्या राखेत घातलं, गरम की गार कळेना. कामात नसली की हात मांडीवर पडून असायचा आणि थोड्या वेळाने बघावं तर तो हनुवटीपाशी आलेला, ते बोट ओठांच्या फटीवर टेकलेलं. आपणच नेला असेल, पस्तीस वर्षांची सवय आहे, असं ती स्वतःला बजावायची. हात खाली ठेवायची. जरा वेळाने परत तेच.

गुरुवारी सकाळी उजेडात चादरीच्या घड्या घालताना ते बोट तिला दिसलं. पहिल्या पेरापर्यंत काळं होतं. तिने वास घेतला. नुकत्याच भाजलेल्या मिश्रीचा वास, अजून तव्याची धग असलेला.

३

द्वारकाबाई मोरीकडे धावली, पण प्रतिक्षा दारातच उभी होती.

"दाखव हात."

"अगं मी न्हाई लावली."

"हात दाखव, माय."

पुढचा तास काय वर्णावा. विश्वंभरने तिची पेटी उपसली, तांदळाच्या डब्यात हात घातला, चुलीमागे पाहिलं. नर्मदाबाईला हाक मारून विचारलं. तिने डबी आणून दाखवली. "म्या तर त्याच दिशी संपवली, माय. रिकामी हाय बघा." घरात मिश्रीचा कणसुद्धा सापडला नाही, आणि त्यामुळे द्वारकाबाईच जास्त खोटी ठरली. सापडली असती तर निदान विषय संपला असता.

"म्या लेकराची शपथ घेते," ती म्हणाली.

"लेकराला मधात आणू नको," प्रतिक्षा म्हणाली.

ते शब्द तिला टाक्यांपेक्षा लागले. ती भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. रडताना खालचा ओठ ताणला जाऊन टाके ओढायला लागले, म्हणून तिला धड रडताही येईना. आयुष्यभर मिश्री लावली तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही, आणि सोडली तेव्हा चोर ठरले. याला काय म्हणावं?

शेवटी तिनेच तोड काढली. "बांध माहं बोट. तुम्ही लॅबात त्या बाटल्यायले कसं चिकटवता, तसं बांध."

प्रतिक्षाने खरंच तसं केलं. बोटाला तळव्यापर्यंत पांढरी पट्टी गुंडाळली, वरून चिकटपट्टी फिरवली आणि जिथे तोंड मिटलं तिथे पेनाने आडवी सही केली. सही अर्धी इकडे, अर्धी तिकडे. कुणी उघडलं तर लगेच कळावं.

शुक्रवारी सही जशीच्या तशी होती. शनिवारीही. प्रतिक्षाने जवळ येऊन पट्टी निरखून पाहिली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चुकलंच माहं. राखेबिखेत गेलं असंल बोट."

द्वारकाबाईचा जीव भांड्यात पडला. तिने आयुषला उचलून उराशी धरलं. त्याला दात येऊ घातले होते, दिवसभर लाळ आणि दिसेल ते चावायचं. त्याने आ केला, तिच्या गालावर तोंड घासलं, आणि त्याच्या त्या दुधाळ तोंडातून तिला मिश्रीचा वास आला.

४

खिडकीपाशी नेऊन तिने त्याचा खालचा ओठ डाव्या हाताने हळूच खाली केला. गुलाबी, ओली, टणक हिरडी. तिच्यावर मधोमध बोटभर रुंदीचा काळसर फराटा.

हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि त्याची हिरडी पुसून काढली. पदर धुऊन टाकला. प्रतिक्षाला काही सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर बाळ वाशिमला गेलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण तिने कधी स्वतःपाशीही नीट उच्चारलं नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट. प्रतिक्षा आयुषच्या जन्माच्या दाखल्यासाठी हिंगोलीला गेली होती आणि बाळ दोन तास एकसारखं रडत होतं. ओवा झाला, पोट शेकून झालं, खांद्यावर घेऊन अंगण तुडवून झालं. रडून रडून ते निळं पडायला लागलं. तिच्या मायने तिच्या धाकट्या भावंडांना कसं निजवलं होतं, ते तिने लहानपणी पाहिलं होतं. तिने सकाळची मिश्री लागलेलं ते बोट, त्याच्या नखाच्या फटीत जेवढी उरली असेल तेवढीच, बाळाच्या हिरडीवर एकदा फिरवलं. बाळाने बोट घट्ट धरलं. चोखलं. गप्प झालं. मग चार तास झोपलं. ते चार तास द्वारकाबाई त्याच्या नाकाशी हात धरून बसली होती, आणि बाळ हसत उठलं तेव्हा तिने देवापुढे नाक घासून सांगितलं, एकदाच, परत नाही.

परत खरंच केलं नव्हतं. पण त्या दिवसापासून बाळाला तिचं ते बोट दिसलं की ते आ करायचं, हे मात्र खरं होतं.

आता बोट तर बांधलेलं होतं, वर लेकीची सही. मग हे कुणी केलं? नर्मदाबाई बाळाला घेते, तिच्या हाताचं असेल. पदराला कधीची लागलेली असेल. द्वारकाबाई कारणं शोधत राहिली आणि प्रत्येक कारण तिला तासभर पुरायचं. रविवारी दिवसभर तिने बाळ खाली ठेवलं नाही. दुपारी झोळीत घालावंच लागलं. मधल्या खोलीत आढ्याला लुगड्याची झोळी टांगलेली होती. तिने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ते उठेपर्यंत सोडली नाही. संध्याकाळी हिरडी परत काळी होती. तिने परत पुसली.

५

सोमवारी डॉक्टर देवश्रींनी गुलाबी पट्टा काढला, टाके कापले आणि खूश झाल्या.

"मावशी, फारच छान. शंभरात एखादी हिरडी अशी भरून येते. मिश्रीचा डाग पण नाही कुठे." त्यांनी प्रतिक्षाला जवळ बोलावून दाखवलं. "दात आता राहतील. तुमच्या आईने जपलं बरं का."

प्रतिक्षाच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून द्वारकाबाईला हुंदका आवरेना. गेल्या आठ दिवसांत तिला कुणी शाबासकी दिली ती ही पहिलीच.

"आणि हे काय?" डॉक्टरांनी पट्टी पाहिली. "किती दिवस बांधून ठेवलंय? कुजेल ना बोट." त्यांनी कात्रीने सहीच्या मधून पट्टी कापली. आतलं बोट पांढरं, सुरकुतलेलं, स्वच्छ होतं. फक्त नखाच्या दोन फाळ्यांमधली रेघ काळी होती.

"अजून बधिरच हाय," द्वारकाबाई म्हणाली. "बघा टोचून."

हिची समजूत पटावी म्हणून डॉक्टरांनी एक बारीक सुई घेतली आणि टोकाला टोचली. मग थोडी आत घातली. रक्त आलं नाही. डॉक्टर क्षणभर त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग सुई ट्रेमध्ये टाकली, हातमोजे काढले आणि जरा घाईनेच म्हणाल्या, "नांदेडला दाखवून घ्या नसांच्या डॉक्टरांना. पुढचा पेशंट."

परतीच्या वाटेवर प्रतिक्षाने ठरवून टाकलं. ती उद्या दुपारच्या एसटीने वाशिमला आणि तिथून पुण्याला जाणार. बाळ राहणार कनेरगावला, आजीकडे.

"सहा महिने, माय. करशील ना नीट?"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली. तिने उजवा हात पदराखाली ठेवला होता.

६

मंगळवारी दुपारी प्रतिक्षा ओसरीत बॅग भरत होती. अंगणात विश्वंभरने शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिचा उग्र वास घरभर होता. आयुष झोळीत पडून कुरकुरत होता. द्वारकाबाई मधल्या खोलीत दोरी ओढत होती, दोन्ही हातांनी. दोन्ही हातांनी, हे ती मनात घोकत होती.

कुरकुर वाढली, रडं होणार असं वाटलं, आणि एकदम थांबली. मग आवाज आला. चुटुक, चुटुक. बाळ काहीतरी चोखत होतं.

मूठ चोखत असेल, तिने म्हटलं. दात येताना सगळीच चोखतात. तिने दोरी ओढली. झोळी पुढे गेली, मागे आली. चुटुक, चुटुक. हळदीच्या वासातून दुसरा एक वास वर आला, तिला पाठ असलेला.

ती उठली. दोरी न सोडता दोन पावलं पुढे झाली. झोळी तिच्याकडे आली तेव्हा लुगड्याची घडी उघडली आणि तिने आत पाहिलं.

बाळाच्या दोन्ही मुठी छातीवर मिटलेल्या होत्या. डोळे अर्धवट मिटले होते, सुखाने. तोंडात बोट होतं. कापडाच्या सुरकुतीतून आलेलं, मोठ्या माणसाचं बोट. नख दोन फाळ्यांचं. सावकाश, सवयीने, ते हिरडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतं.

झोळी मागे गेली. घडी मिटली.

द्वारकाबाईने दोरीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. डाव्याची पाच. उजव्याचीही पाच. फक्त मिश्रीच्या बोटाने दोरी धरलेली नव्हती. ते सरळ उभं होतं, पहिल्या पेरापर्यंत काळं, आणि टोकाला ओलं.

तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. प्रतिक्षा धावत आली, तिने झोळीतून बाळ उचललं. बाळाच्या ओठांवर काळं लागलं होतं. तिने ते बोटाने पुसलं, वास घेतला. मग आईच्या हाताकडे पाहिलं.

"माय," ती म्हणाली. एवढंच.

"म्या न्हाई केलं. म्या दोरी धरली होती."

"पट्टी कुठं हाय?"

"डॉक्टरनं काढली ना. तुह्यासमोर."

"व्हय. काल काढली. आन् आज हे."

द्वारकाबाईला वाटलं, आता सगळं खरं सांगून टाकावं, खरं सांगितलं की समजेल. "एकदाच लावली होती म्या," ती घाईघाईने म्हणाली. "जानेवारीत. तू हिंगोलीला गेली होती, ते लई रडत होतं म्हणून. एकदाच. पण तवापासून ते बोट—"

बोटाचं काय, ते प्रतिक्षाने ऐकलंच नाही. जानेवारी हा शब्द ऐकताच तिचा चेहरा दगडासारखा झाला. बाळाला कडेवर घेऊन ती ओसरीत गेली आणि बाळाची दुपटी, झबली, दुधाची बाटली बॅगेत कोंबायला लागली. द्वारकाबाई मागोमाग गेली, दारात उभी राहिली.

७

एसटी वेळेवर आली. रोज उशीर करणारी गाडी, आज वेळेवर. विश्वंभरने बॅग वर चढवली. तो बायकोकडे बघत नव्हता. प्रतिक्षा खिडकीशी बसली, तिने बाळाला दुपट्यात गुंडाळून पोटाशी घेतलं होतं. तिने खाली पाहिलं नाही. गाडी हलली, ढाब्यांच्या रांगेपुढून गेली, वळणाला दिसेनाशी झाली.

"चल घरी," विश्वंभर म्हणाला.

"तुमी व्हा पुढं."

ती नाक्यावरच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसली. ऊन कडक होतं. तिने जिभेने हिरडी चाचपली. दुखत नव्हती. चारही दात घट्ट होते, बाभळीच्या खुंटीसारखे. भाकरी खाता येणार होती, चहा पिता येणार होता, आठ दिवस ज्याच्यासाठी सोसलं ते सगळं झालं होतं. फक्त ते ज्याच्यासाठी केलं, तो वाशिमच्या गाडीत होता. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीही येईना.

मग उजव्या हातात मुंग्या आल्या. ओठाला त्या सोमवारी आल्या होत्या तशाच. तिने हात मांडीवर पालथा ठेवला. मिश्रीच्या बोटात नवव्या दिवशी जीव परत येत होता.

आधी ऊब कळली. उन्हाची नव्हे, ओलसर ऊब. मग चारी बाजूंनी मऊ, ओला दाब. मग दोन टणक, बिनदातांच्या कडा, वरची आणि खालची, बोटाच्या पेरावर घट्ट मिटलेल्या. आणि चुटुक करून ओढ. परत ओढ.

गाडी एव्हाना दोन-तीन कोस गेली असेल.

मांडीवरचं बोट सावकाश हलायला लागलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. द्वारकाबाईने ते डाव्या हाताच्या मुठीत धरलं, दोन गुडघ्यांमध्ये दाबलं. टपरीवाला विचारत होता, मावशी, चहा देऊ का. बोट थांबलं नव्हतं.